नॉर्मल झालं म्हणजे नेमकं काय झालं?

आमच्या माहेरच्या घरात त्या वर्षी श्रावणात दोन बाळंतिणी होत्या. माजघराला लागून असलेल्या खोलीत मी आणि मधली खोली सोडून पलीकडे माझी चुलत बहीण. ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, पण तिचं लग्न उशिरा झालं, त्यामुळे दोघींची पहिली बाळंतपणं अकरा दिवसांच्या अंतराने आली. माझं सिझर, तिचं नॉर्मल. भेटायला येणारी बाई ओट्यावर चपला काढतानाच विचारायची, "सिझरवाली कुठली?" मग माझ्या खोलीत डोकावून, बाळाची अलाबला काढून हळहळायची, "पोट फाडायला लागलं गं बाई." ताईच्या खोलीतला सूर वेगळा. "सुटलीस बाई! नॉर्मल झालं. आता काय, आठ दिवसांत हिंडायला लागशील."

माझ्या आठव्या दिवशी मी अंगणापर्यंत हिंडत होते. ताईला तिच्या आठव्या दिवशी बसता येत नव्हतं.

तिला चौदा तास कळा आल्या होत्या. शेवटी बाळाच्या डोक्याला व्हॅक्यूम लावून ते ओढून काढलं होतं. खाली टाके पडले होते. किती, ते तिलाही कुणी सांगितलं नव्हतं आणि कागदावरही धड लिहिलेलं नव्हतं. आजीने एक जुनं सुती लुगडं फाडलं आणि डोक्यावर घागर घ्यायला करतात तशी चुंबळ वळून तिला दिली. त्या चुंबळीवर ताई महिनाभर बसली. बाळाला पाजायला बसायची तेव्हा ओठ दाताखाली धरायची. पण तिचं नॉर्मल झालं होतं, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात तिच्या सासूबाईंचा फोन आला, "कधी पाठवताय?" माझ्या सासरहून असा फोन दोन महिने आला नाही. सिझरची बाई म्हणून मला विश्रांती होती. त्याच्या जोडीला एक शेराही मिळाला, "हल्लीच्या मुलींना कळा सोसत नाहीत." तो ताईला कुणी दिला नाही.

हे सांगून सिझर बरं, असा निष्कर्ष मला काढायचा नाही. गुंतागुंत नसलेलं, फार टाके न पडलेलं नैसर्गिक बाळंतपण झालं, तर त्या बाईचं शरीर सरासरीने लवकर सावरतं, यात वाद नाही. सिझर ही पोटाची मोठी शस्त्रक्रिया आहे. तीत रक्त जास्त जातं. जास्त रक्तस्राव कशाला म्हणायचं त्याची जुनी मोजपट्टीच मुळी नॉर्मलला ५०० मिलिलिटर आणि सिझरला १००० अशी होती. आपल्याकडे गरोदर बायकांपैकी निम्म्याहून अधिक, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ५२.२ टक्के, आधीच रक्त कमी असलेल्या. त्यांना हा जादा रक्तस्राव महिनोन् महिने भोवतो. जंतुसंसर्गाची, पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती सिझरनंतर जास्त. पुढच्या बाळंतपणावरही त्या व्रणाची सावली पडते: बाळाला पोसणारी वार खाली, जुन्या व्रणावर रुजली, तर ती गर्भपिशवीतून सुटता सुटत नाही, आणि सिझरं वाढत जातील तसा हा धोका झपाट्याने वाढतो. गरज नसताना सिझर करू नये, हे म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी आहे.

माझं भांडण तुलनेच्या रीतीशी आहे. ‘नॉर्मल’ आणि ‘सिझर’ असे दोन कप्पे करायचे आणि कुठली बाई लवकर उठते ते बघायचं. लवकर उठून करायचं काय, हे कुणी विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं. सिंक भांड्यांनी भरलेलं असतं.

आधी शरीराबद्दल. बाळ कुठल्याही वाटेने येवो, वार सुटते तिथे पिशवीच्या आत तळहाताएवढी उघडी जखम राहते. ती दोघींना सारखीच. अंगावरून जाणं चार ते सहा आठवडे चालतं, तेही दोघींना. बाळंतपणानंतर बेंबीपाशी लागणारी पिशवी दोनेक आठवड्यांत ओटीपोटात उतरते आणि मूळ आकाराला यायला सुमारे सहा आठवडे घेते. दूध उतरणं, रात्रीची जागरणं, घामाने भिजलेले कपडे, उगाच येणारं रडू, यातल्या कशालाच बाळ कुठल्या वाटेने आलं हे ठाऊक नसतं. भारतातल्या ३८ अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला होता. त्यात बाळंतपणानंतरच्या नैराश्याचं प्रमाण २२ टक्के निघालं, म्हणजे पाचातल्या एकीहून जास्त.

फरक आहेत ते वेगळ्या ठिकाणी. सिझरमध्ये "सात थर कापतात" असं बायका सांगतात. प्रत्यक्षात त्वचा, चरबी, स्नायूंवरचं जाड आवरण, आतला पडदा आणि पिशवी कापतात. पोटाचे स्नायू सहसा कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. वरची त्वचा आठ-दहा दिवसांत मिटते. टाके निघाले, खपली वाळली, की घराला वाटतं बाई बरी झाली. आतलं ते जाड आवरण मात्र सहा आठवड्यांनंतरही जेमतेम निम्म्या ताकदीचं असतं आणि पूर्ववत व्हायला महिने लागतात. व्रणाच्या वरची त्वचा कित्येक महिने बधिर राहते; माझी तर वर्षभर होती, साडीची गाठ कुठे आली ते हाताने चाचपून कळायचं. दवाखान्यातल्या मावशींनी शिकवलं होतं: सरळ उठायचं नाही, कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग कोपरावर भार देऊन उठायचं. खोकला आला की उशी पोटाशी घट्ट धरायची. डॉक्टरांच्या सगळ्या सूचनांपेक्षा या दोन गोष्टींनी मला जास्त तारलं. (आणि ते भुलीचं पाठीतलं इंजेक्शन! "त्याने जन्मभर कंबर धरते" हे मला किमान वीस जणींनी सांगितलं. टोचल्याजागी काही दिवस दुखतं, क्वचित काही दिवस डोकं जबर दुखतं. पण कायमच्या कंबरदुखीशी त्याचा संबंध अभ्यासांत सापडलेला नाही. वाकून बाळ उचलणं, पोक काढून पाजणं यांच्याकडे बघा, कंबरेचा चोर तिथे आहे.)

नॉर्मलमध्ये मार बसतो तो दिसत नाही अशा जागी. पहिलटकरणीला खाली छेद देण्याची पद्धत आपल्याकडे अजून अंगवळणी पडलेली आहे. सरसकट छेद देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली स्पष्ट सांगितलं तरीही. छेद दिला नाही तरी कातडं-स्नायू फाटू शकतात, कधीकधी गुदद्वारापर्यंत. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणून ढिले पडतात. शिंकलं की लघवी सुटते, उड्या मारणं तर सोडाच. नॉर्वेत पंधरा हजारांवर बायकांना विचारून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. लघवी न आवरण्याचा त्रास मूल न झालेल्यांत १०.१ टक्के, सिझर झालेल्यांत १५.९ आणि नॉर्मल झालेल्यांत २१ टक्के होता. या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात. नॉर्मलनंतर त्रास जास्त, हे खरंच. पण सिझरनेही सगळा त्रास टळत नाही. नऊ महिन्यांचं ओझं त्या स्नायूंनी पेललेलंच असतं.

शिवाय हे दोन कप्पे पुरेसेही नाहीत. ठरवून, कळा यायच्या आधी केलेलं सिझर वेगळं. अठरा तास कळा देऊन, पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर, बाळाचे ठोके पडले म्हणून धावपळीत केलेलं सिझर वेगळं. "कळाही सोसल्या आणि पोटही फाडलं" असं ज्यांच्याबद्दल म्हणतात, त्या दोन्हीकडचं भोगतात. तसंच दोन टाक्यांचं नॉर्मल आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावून केलेलं नॉर्मल यांत जमीन-अस्मानाचा फरक. माझं ठरवून केलेलं सिझर, बाळ आडवं होतं म्हणून. ताईचं बाळंतपण नॉर्मलच्या कप्प्यातलं, पण दुखण्याच्या हिशेबात माझ्यापेक्षा कितीतरी अवघड. कप्पा बघून विश्रांती वाटून दिली, म्हणून तिच्या वाट्याला कमी आली.

बायकांचं न दिसणारं दुखणं किती मोठं आहे, हे सांगायला नॉर्वेला जायची गरजही नाही. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी १९८९ साली दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी करून दाखवलं होतं की ९२ टक्के जणींना कसला ना कसला स्त्रीरोगाचा त्रास आहे, आणि त्यांतल्या फार थोड्यांची आयुष्यात आधी कधी तशी तपासणी झाली आहे. पुढे त्याच जिल्ह्यात ३९ गावांतल्या ७७२ बायकांवर बाळंतपणात आणि नंतर घरी जाऊन लक्ष ठेवलं गेलं. ही बाळंतपणं खेड्यातली, घरातली. आणि तरी ४२.९ टक्के जणींना बाळंतपणानंतरच्या काळात काही ना काही आजार झाला. विचारलं आणि पाहिलं म्हणून हे कळलं. एरवी त्या सगळ्या ‘सुटका झालेल्या’ बायका होत्या.

‘सुटका’ हा शब्द मला फार आवडतो आणि तितकाच खटकतोही. जुन्या काळी बाळंतपण म्हणजे जिवावरचं संकट, त्यातून बाई जिवंत सुटली की सुटका. महाराष्ट्रात २०१८-२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. ही मोठी कमाई आहे, आशाताई, परिचारिका, सरकारी दवाखाने यांची. पण जीव वाचवायचा हिशेब जमत आला, तेव्हा वाचलेल्या बाईची तब्येत कशी आहे हा हिशेब सुरू व्हायला हवा होता. तो झाला नाही. आपण सिझर किती झाली ते मोजतो. देशात २००५-०६ साली ८.५ टक्के होती ती २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झाली, महाराष्ट्रात २५.४, गोव्यात ३९.५. खासगी दवाखान्यांत देशभरात ४७.४ टक्के, सरकारीत १४.३. लोकसंख्येच्या पातळीवर सिझर १० टक्क्यांच्या वर गेल्याने आणखी जीव वाचतात असं दिसत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगून ठेवलं आहे. या आकड्यांवर लेख येतात, परिसंवाद होतात, डॉक्टर एकीकडे आणि कार्यकर्ते दुसरीकडे. त्या भांडणात बाई फक्त टेबलावर असेपर्यंत असते. टेबलावरून उतरून घरी गेली की ती विषयातूनही उतरते.

आजीच्या काळाने निदान एक गोष्ट नीट केली होती. सव्वा महिना. बाळंतीण कशीही बाळंत झालेली असो, सव्वा महिना चुलीपाशी जायचं नाही, पाणी भरायचं नाही. पिशवी मूळपदाला यायचे ते सहा आठवडे आणि हा सव्वा महिना यांचं गणित जवळपास जुळतं. अर्थात ही विश्रांती मागच्या दाराने आली होती. पुढच्या दारात विटाळ उभा होता. बाळंतीण अस्पर्श म्हणून तिला काम नाही. आणि ती मिळायची तीही खात्यापित्या घरात. त्याच्या जोडीला बंद खोली, खाटेखाली निखाऱ्याची शेगडी, पाणी कमी प्यायचं, पालेभाजी नको, फळ नको. माझ्या वेळी काकूने वरणभातावरचं तूप बंद केलं होतं, टाक्यांत पू होतो म्हणून. डिंकाचे लाडू मात्र चालत होते. त्यांत तूप नसतं असं तिचं मत असावं. शेगडीला मी नाही म्हटलं. धुराने कोंडलेली खोली बाळाच्याही छातीला बरी नाही आणि ताज्या व्रणाला निखाऱ्याचा शेक तर नकोच. मालिशवाल्या मावशींना मात्र मी आजही मनोमन नमस्कार करते. त्या रोज तासभर आईच्या अंगाला हात लावणाऱ्या एकट्या व्यक्ती होत्या, बाकी सगळे हात बाळाकडे.

नव्या व्यवस्थेने विटाळ काढला हे उत्तमच, पण सव्वा महिनाही त्याच्याबरोबर काढून टाकला आणि जागी कप्पे आणले. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, जेवणही मोफत: नॉर्मलला तीन दिवस, सिझरला सात. दवाखान्यातल्या मुक्कामापुरतं हे ठीक. घरी मात्र तोच हिशेब पुढे चालू राहतो, नॉर्मलचं तिसऱ्या दिवशी संपलं असं. मग आशाताईंच्या गृहभेटी. दवाखान्यात नॉर्मल झालं तर बेचाळीस दिवसांत सहा, सिझर झालं तर पाच, कारण ती बाई पहिले दिवस दवाखान्यातच असते. ही भेटींची कल्पना गडचिरोलीतूनच, राणी आणि अभय बंग या डॉक्टर दाम्पत्याच्या कामातून देशभर गेली आणि तिने असंख्य तान्ही बाळं वाचवली. तिचा भर बाळावर आहे, तो असायलाच हवा. आईला ताप आहे का, रक्तस्राव फार आहे का, घाण वास येतो का, हेही बघतात, कारण त्यानेही जीव जातो. बसता येतं का, लघवी सुटते का, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं का, रात्री रडू येतं का, याने जीव जात नाही. म्हणून ते राहून जातं.

कायद्याला खरं तर कप्पे नाहीत. मातृत्व लाभाच्या कायद्याने बाळंतपणानंतर सहा आठवडे कुठल्याच बाईला कामाला लावायला बंदी घातली. सिझर की नॉर्मल हे १९६१ सालीही विचारलं नव्हतं. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. बाळंतपणातून आजार उद्भवला तर आणखी महिनाभर पगारी रजेची तरतूद आहे, जी मी ओळखते त्यांपैकी एकीनेही मागितलेली नाही, कारण ‘आजार’ असा शेरा कागदावर कुणी लिहीतच नाही. आणि हे सगळं पगाराची पावती असलेल्या बाईचं. ऊसतोडीला गेलेल्या बाईला कसला सहावा आठवडा? नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, उचल घेतलेली, एकाचा खाडा म्हणजे फेडीत भर. तिथे कोण लवकर सावरतं या प्रश्नाचा अर्थ, उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर किती दिवसांनी चढता येईल, एवढाच उरतो. "बाळापेक्षा जड काही उचलू नका" हा डॉक्टरांचा सल्ला तिच्यापर्यंत पोचला तरी तो तिला विनोदच वाटेल. शहरातल्या वस्तीत चौथ्या मजल्यावर पाण्याचे हंडे चढवणारीचीही तीच गत. आणि उकिडवं बसून वापरायचा संडास? गुगलवर सापडणारे सल्ले गाडी कधी चालवावी ते सांगतात. उकिडवं कसं बसावं, ताज्या टाक्यांनी, भिंतीला हात टेकून, हे कुणीच सांगत नाही. ते मला आणि ताईला एकमेकींना शिकवावं लागलं.

फ्रान्समध्ये बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम तज्ज्ञांकडून शिकवतात, साधारण दहा सत्रं, आणि खर्च सरकारी विमा उचलतो. आपल्याला उद्या तेवढं परवडणार नाही, हे मान्य. पण आपल्याकडे एक दिवस आयता आहे. बाळाची दीड महिन्याची लस. त्या दिवशी आई आपल्या पायांनी, बाळ घेऊन, सरकारी किंवा खासगी दारात येतेच. सिझरवाली येते, नॉर्मलवाली येते. जागतिक आरोग्य संघटना सहाव्या आठवड्यात आईला भेटा म्हणते, आपल्या माता-बाल संरक्षण कार्डावर बाळंतपणानंतरच्या तपासणीचे रकाने छापलेले आहेत. नवी योजना नको, नवं नाव नको, फोटो छापलेलं पोस्टर तर मुळीच नको. पडद्याआड एक टेबल, पाच मिनिटं, चार प्रश्न, रक्ताची एक चाचणी, आणि डिस्चार्ज कार्डावर टाके कुठे, किती, कसे पडले हे मराठीत लिहिण्याची सक्ती. परिचारिकांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हा आक्षेप खरा आहे. मग त्या पाच मिनिटांसाठी माणूस नेमा. तपासणी सोडून देण्याचं कारण म्हणून तो चालणार नाही.

दीड महिन्याच्या लसीला आम्ही दोघी गेलो ते एकाच रिक्षातून. ताईचं बाळ अकरा दिवसांनी मोठं, म्हणून तिची तारीख आधीच उलटून गेली होती. माझ्यासाठी थांबली होती. आत बाळांची वजनं झाली, कार्डावर नोंद झाली, मांडीत सुया टोचल्या, तापाचं औषध कधी द्यायचं ते सांगितलं. "अंगावर पितंय ना?" परिचारिकेने विचारलं. दोघींनी हो म्हटलं. "बसा अर्धा तास, मग जा," म्हणाली आणि भिंतीकडच्या लाकडी बाकाकडे हात केला. मी बसले. ताई बाळाला खांद्यावर टाकून अर्धा तास दारात उभी राहिली.